जयराजनं पाठवलं

त्रिशूर
१८ ऑगस्ट २०२४, रविवार

प्रांजल,

पत्र बघून हसशील. हातात फोन असून पत्र लिहिणारा मी एकटाच येडा असंन. पण फोन लावला की आई स्पीकर चालू करती, शेजारची काकी येऊन बसती, आन् आपण नवराबायको 'जेवला का, जेवले' एवढं बोलून ठेवतो. इकडं पण तीच गत. दिवसभर फोन शेठच्या गल्ल्यापाशी पेटीत. सांजच्याला मिळतो तवा एका खोलीत सहा जण. एखादा बायकोशी हळू बोलाय लागला की बाकीचे टीव्हीचा आवाज बारीक करत्यात. म्हणून कागद घेतला. आठवीपातूरचं अक्षर हाय, सांभाळून घे.

गलाईचं तुला काय सांगायचं, तू ह्याच धुरात वाढलीस. सोनारांकडनं मोड, कानशीचा कीस, दुकानातली झाडलोट आणायची, मुशीत घालून भट्टीत वितळवायची, तेजाबात टाकून चोख सोनं येगळं काढायचं. फक्त ह्यो शेठ तुझ्या वडलांसारखा न्हाई, लय कडक हाय. दुकानात घातलेला कपडा दुकानाबाहेर न्यायचा न्हाई. विटला की भट्टीत जातो. राखेतनं सोन्याचा कण निघतो, त्यो शेठचा. माझ्या तीन पँटी अशा गेल्या. गावात सांग, तुमचा जय्या सोन्याची पँट घालतो म्हणून.

पण मला एक गोष्ट लय टोचती. तुझ्या गावात मी राहतोय आन् माझ्या गावात तू. लग्नाला सव्वा वर्ष झालं, त्यात एक महिना आपण एका घरात होतो. आज मामींकडं, म्हंजे तुझ्या घरी, जाऊन आलो. तुझी आई अजून चार मराठी पोरांचा डबा करती. तुझी खिडकीजवळची जागा तशीच हाय, तिथं आता नारळाचं पोतं ठेवलंय. मला वाढताना दोनदा चुकून 'प्रांजल, पाणी घे गं' म्हणाली.

मामींच्या घरामागं एक खोली रिकामी व्हणार हाय. शेठनं वर्षाचा हिशोब केला की ती घिऊ. मी कानपूर सोडलं, सेलम सोडलं, हितं पण पाय टिकंना झालाय. तू आलीस तर टिकंल.

काकी म्हणत होती तू आटपाडीत डाळिंबं निवडाय जातीस. दोन-चार दिस हौस कर. रोजचं नको.

तुझा,
जयराज


वाडी, ता. आटपाडी
३० ऑगस्ट २०२४

तुम्हाला नमस्कार.

पत्र पोस्टमननं आत्याबाईंच्या हातात दिलं. त्या घाबरल्या. "काय झालं गं, आजारी हाय का त्यो?" मी म्हणाले, प्रेमपत्र आहे. "मग हूं दे," म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. तुमच्या आईला हसवणं अवघड आहे, पण त्या दिवशी तव्याकडं बघून हसल्या.

माझी मराठी ऐकून गाव हसतं. शाळेत मी मल्याळम शिकले, मराठी आईच्या तोंडची, लिहायची तेवढी पुस्तकातली. आईनं गाव सोडलं तेव्हाची बोली तिनं जशीच्या तशी मला दिली. काकी म्हणतात, "ही पोरगी आमच्या म्हातारीगत बोलती, खांद्यावर नुसतं फडकं टाकायचं राहिलंय." बोलतात तर बोलू देत. इथं मला लवकर ओळखतात त्यामुळं.

कामाचं सांगते. तौसीफभाई बागवान डाळिंबाचे व्यापारी आहेत, त्यांच्या शेडवर आम्ही बायका फळं आकारानं, रंगानं वेगळी करून पेटीत भरतो. एक दिवस कोचीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. तौसीफभाई हिंदीत, तो मल्याळममध्ये, दोघंही एकमेकांना बहिरे समजून ओरडत होते. मी फोन मागून घेतला. व्यापाऱ्याची तक्रार एवढीच होती की खालच्या थरातली फळं दबतात. बोलणं झाल्यावर तौसीफभाईंनी खुर्ची पुसली. "ताई, उद्यापास्नं क्रेटवर बसायचं न्हाई, हितं बसायचं." आता केरळचे सगळे फोन माझ्याकडं येतात. जिथली भाषा बोलायला इथं कोणी नाही, तिथले लोक मला दिवसातून चारदा फोन करून डाळिंबाचा भाव विचारतात. बरं वाटतं. फोन ठेवल्यावर वाटत नाही.

तेव्हा ही हौस नाही, रोजचं काम आहे. आत्याबाईंना विचारून जाते.

खोलीची घाई करू नका. तिथं भिंतीला ओल धरते. आणि रविवारी आईकडं जाता ते जात राहा, पण नारळाचं पोतं कुठं आहे ते लिहू नका. ते वाचल्यावर मला दिवसभर काही सुचलं नाही.

दिवाळीनंतर हरीभाऊ तिकडं कामाला येणार आहेत. त्यांच्याकडं सदरा देते. माझ्या पगाराचं कापड आहे. फिक्कट निळा. दुकानात घालू नका.

प्रांजल


त्रिशूर
२२ नोव्हेंबर २०२४

प्रांजल,

फोनवर बोललो न्हाई कारण आईनं ऐकाय नको. नीट वाच आन् खरं लिही.

हरीदा आला. सदरा मिळाला. मापात हाय, दोन रविवार मामींकडं घालून गेलो. पण हरीदानं परवा सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "जय्या, मानलं गड्या. आईचा डोळा मिरजंत करून आणलास, घरावरचा पत्रा नवा टाकलास. म्हातारी दर महिन्याला सांगती, जयराजनं पाठवलं, जयराजनं पाठवलं. गावात तुझ्या वयाचा दुसरा न्हाई."

मी हसलो. शेठ गल्ल्यावरच बसलेला.

तुला ठाऊक हाय, गलाईत कामगाराचा हिशोब वर्षानं, गावाला जाताना व्हतो. तवर खाणंपिणं शेठचं आन् हातखर्चाला थोडं. गेल्या वर्षी निघालो तवापास्नं मी घरी एक रुपया पाठवला न्हाई. ते शेठला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग ज्याच्या हातात दिवसभर दुसऱ्याचं सोनं असतं, त्याच्या घरावर नवा पत्रा कसा पडतो? शेठ तोंडानं चोर म्हणाला न्हाई. नुसतं म्हणाला, "जयराज, पेटी आण."

पेटी उपसली. कपडे सगळे काढले. तुझा सदरा पण. मी म्हणालो, ह्यो रविवारचा हाय, दुकानात घातलेला न्हाई. शेठ म्हणाला, "मग राख कोरी निघंल. भितोस कशाला?" येगळा जाळला. राख धुतली, भिंगानं बघितली. कोरी निघाली. माझ्यासमोर निघाली.

शेठ 'बरं' म्हणाला. पण मी भट्टीपाशी बसत होतो, त्यो आता दारात बसतो आन् येणाऱ्या सोनारांना पाणी देतो. हिशोब पण अडवलाय. "गावाकडनं खुलासा येऊ दे," म्हणतो. गलाईत एकदा हे नाव लागलं की कानपूर न्हाई आन् सेलम न्हाई, कुठं कुणी उभं करत न्हाई. सगळी आपल्याच भागातली माणसं, एकाचं दुसऱ्याला कळतंच.

तवा सांग. आईनं कुणाचं उसनं घेतलं का? तू दागिना मोडलास का? का मामींनी मला न सांगता दिलं? डाळिंबं निवडून काय कुणाच्या घरावर पत्रा पडत न्हाई, म्हणून इचारतो.

जयराज


वाडी
१ डिसेंबर २०२४

तुम्हाला नमस्कार.

डाळिंबं निवडून पत्रा पडतो. डोळ्याचं ऑपरेशनही होतं. सदराही होतो, तो आता राहिला नाही, पण झाला होता.

कोणाचं उसनं घेतलेलं नाही. दागिना अंगावर आहे. माझा पगार तुमच्या वर्षाच्या हिशोबाएवढा सहा महिन्यांत होतो. हे आम्ही दोघींनी तुम्हाला कळवलं नाही, ना डोळ्याचं ना पत्र्याचं, ते तुमचं मन जपायला. जपलं गेलं नाही.

आता तुमच्या नावाचं. पहिला पगार मी आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो देव्हाऱ्यापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "जयराजनं पाठवलं." मी मागंच उभी होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग दर महिन्याला तसंच. नंतर पाण्याला गेल्यावर, बाजारात, सगळीकडं तेच सांगायला लागल्या. मला राग आला. उन्हात मोटारसायकलीमागं बसून आटपाडीला मी जाते, मान माझी दुखते आणि नाव तुमचं. एकदा भाकरी खाताखाता म्हणालेच, "आत्याबाई, देवाला तरी खरं सांगा."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग तुमच्या वडलांचं सांगितलं. ते कानपुरात तापानं गेले हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी कितीतरी वर्षं ते गावाकडं आले नव्हते, ते का, हे माहीत नसेल. तेव्हा आत्याबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायच्या. बाजारात कोणी विचारलं, "काय गं अंजना, नवरा पैसं धाडतो का?" तर ताठ मानेनं सांगायच्या, "माझं मी भागवती. त्याच्या पैशाची वाट कोण बघतंय?" हे कोणीतरी कानपूरला नेलं. तिकडनं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच ओळ होती. तुझं भागतंय हे ऐकून बरं वाटलं. त्यानंतर ते आले नाहीत.

"म्या माझ्या तोंडानं त्याची वाट बंद केली," असं म्हणाल्या. "ज्याच्या नावाचा पैसा घरात येतो, त्यो घरात येतो. तू कमव, म्या कुठं नको म्हंती? पर नाव त्याचं घेऊ दे."

तुम्हीच सांगा, यावर मी काय बोलायला हवं होतं?

हे दुकानात तुमच्या अंगाशी येईल, असं दोघींच्याही ध्यानात आलं नाही. गलाईच्या घरात वाढून माझ्या ध्यानात यायला हवं होतं. काल मी शेठना फोन केला. सगळं सांगितलं, काय काम करते, कोणाकडं करते. तौसीफभाईही बोलले. शेठ म्हणाले, "पोरी, तू गलाईवाल्यांच्या आळीतली ना? तुझ्या बापाला मी ओळखत होतो." म्हणजे झालं असेल असं वाटतं.

प्रांजल


त्रिशूर
५ जानेवारी २०२५, रविवार

प्रांजल,

झालं. मला परत भट्टीपाशी बसवलं. शेठनं पेढे आणले, पण माफी मागितली न्हाई, पेढ्याची पुडी माझ्याकडं सरकवली नुसती. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

तुझा फोन शेठनं गल्ल्यावरनंच घेतला होता, तवा सगळ्यांनी ऐकलं. आता दुकानात माझं नाव 'डाळिंब' पडलंय. हरीदा म्हणतो, "जय्या, वहिनीला इचार की, तौसीफभाईला रखवालदार लागतो का. आमी दोघं जाऊ." दुसरा म्हणतो, "तू कशाला भट्टीत मरतोस गड्या, घरी जा, आयतं खा." मी पण हसतो. हसल्याबिगार त्या खोलीत राहता येत न्हाई.

तुझं खरं हाय. आईचं पण खरं हाय. मग माझं काय? मी हितं धूर खातोय ते घरासाठी म्हणून खात होतो. सकाळी खोकला आला की मनात म्हणायचो, घरावर पत्रा टाकायचाय. आता पत्रा पडलाय. आईचा डोळा मी बघितला पण न्हाई. तिला त्या डोळ्यानं आधी कोण दिसलं? मी न्हाई.

आज मामींकडं गेलो न्हाई. सदरा न्हाई हे एक, आन् तोंड पण न्हाई. देवळाभोवतीच्या स्वराज राउंडवर दिवसभर चकरा मारल्या. तुझ्या गावात माझ्या ओळखीची एवढी माणसं झाली, तीन जणांनी हाका मारल्या. एकाला पण ओ दिली न्हाई.

गुवाहाटीत एका गलाईवाल्याला माणूस पायजे. आपल्याच भागातला हाय. तिथं मला कुणी डाळिंब म्हणणार न्हाई. जावं म्हणतोय.

वरती एक ओळ खोडलीय, ती वाचायचा प्रयत्न करशील, म्हणून सांगूनच टाकतो. 'तुमचं तिकडं भागतंय ना' असं लिहिलं होतं. लिहिल्यावर आईला आलेलं कार्ड आठवलं आन् हात थांबला. कागदावरनं खोडली. मनातनं गेली असं न्हाई.

जयराज


वाडी
९ फेब्रुवारी २०२५

तुम्हाला नमस्कार.

तुमचं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. उत्तर लिहायला उशीर केला, कारण घरात जे झालंय ते निवळेल असं वाटत होतं.

तुम्हाला सगळं कळलं हे मी आत्याबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, "त्याला कळलं? घर त्यो न्हाई, बायको चालवती, हे त्याला कळलं?" आणि भिंतीला टेकून बसल्या. तेव्हापासून पैसा देव्हाऱ्यापुढं ठेवत नाहीत. जानेवारीचा पगार हातात दिला तर हात मागं घेतला. पाकीट तसंच फडताळात आहे. नव्या डोळ्यानं त्या आता दिवसभर वेशीकडचा रस्ता बघतात. लांबचं चांगलं दिसतं म्हणतात.

मी म्हणाले, "त्यांचं नाव नको तर नाही. माझं नाव घ्या. मीच कमावते."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळी. "तू हायेस की हितं. हितं असणाऱ्याचं नाव कशाला घ्यायचं?"

रात्रभर विचार केला की मग माझं नाव घेणारं कोणी आहे का, जिथं मी नाही तिथं.

तौसीफभाईंनी मला कायम केलंय. केरळबरोबर आता मद्रासचंही बघायचं. गुवाहाटीला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. फक्त मला तुम्ही सांगून जा. हरीभाऊंकडून, काकींकडून, बाजारात कोणाकडून कळू देऊ नका. पैशासाठी मला नवरा नको होता, पैसा मी मिळवते. पत्र टाकलं तर उलट पत्र टाकणारा माणूस हवा होता. ते तुम्ही आजवर केलंत.

इथं शेडवर डाळिंबाचा हंगाम संपत आला. बायका कमी झाल्यात. दुपारी एकटीच असते. परवा कोचीचा व्यापारी म्हणाला, "तुम्ही कुठल्या?" मी मल्याळममध्ये म्हणाले, त्रिशूरची. मग म्हणाला, "कधी येणार?" तेव्हा मात्र मला भाव सांगायला सुरुवात करावी लागली.

प्रांजल


त्रिशूर
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रांजल,

गुवाहाटीच्या माणसाला न्हाई म्हणून सांगितलं. पाय अजून शिवशिवत्यात, तुला खोटं कशाला सांगू? पण पुढं कुठं गेलो तरी आधी तुला पत्र येईल. ते नक्की.

शेठकडं गेलो. म्हणालो, माझा हिशोब वर्षानं नको, दर महिन्याला थोडाथोडा द्या, घरी धाडायचाय. शेठ म्हणाला, "गलाईत अशी रीत न्हाई." मी म्हणालो, रीतीपायीच सदरा जळला. त्यावर त्यानं गल्ला उघडून परत लावला. मग म्हणाला, "बरं. पण दुसऱ्यांना सांगू नको." तवा ह्या महिन्यापास्नं तुझ्या खात्यावर माझं पैसं येतील. तुझ्यापुढं लय थोडं हायेत, हसू नको. तू काढून आण, तुझ्या पगारात घाल, एका पाकिटात कर आन् आईच्या हातात दे. मग आईनं माझं नाव घेतलं तर खोटं व्हणार न्हाई. किती माझं आन् किती तुझं ते देव काय मोजत बसायचा न्हाई.

आईला सांग, मी चिडलो न्हाई. तिला सांग, जत्रेला येतो. आन् दुसरा सदरा शिव, तसलाच निळा, पण हिकडं पाठवू नको. हिकडं आलेलं कापड परत घरी जात न्हाई. शिवून माझ्या खुंटीला अडकव. येऊन घालतो.

आता आजचं सांगतो. तू म्हणालीस पोत्याचं लिहू नका, तरी एवढं लिहितो, पुन्हा न्हाई.

लय दिसांनी मामींकडं गेलो. जाताना बाजारातनं तांदूळ घेतला, खोबरेल घेतलं, तुझ्या आईला आवडतात त्या वेलची केळ्यांचा एक घड घेतला. मामींचे गुडघे सुजल्यात, तरी डबे भरत होत्या. पिशवी बघून म्हणाल्या, "कशाला रं जावई एवढं? तुझ्या हातात काय ऱ्हातंय?"

पिशवी घिऊन सरळ देव्हाऱ्यापुढं ठेवली. हात जोडले. मला नीट येत न्हाई तसलं, आवाज पण मोठाच निघाला. म्हणालो, "प्रांजलनं पाठवलं."

मामी हातातली पळी धरून तशाच उभ्या. तू आटपाडीला हायेस, ही केळी हितल्या बाजारातली हायेत, हे त्यांना काय कळत न्हाई व्हय? माझ्याकडं बघितलं. मग पळी ठेवली, पदरानं हात पुसले, समई पेटवली. केळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. खिडकीजवळचं नारळाचं पोतं ओढून बाजूला केलं. मी मदतीला गेलो तर "राहू दे" म्हणाल्या.

जेवायला वाढलं. निघताना मी चपला घालत होतो तवा पाठीमागनं म्हणाल्या,

"तिला लिही. पोचलं म्हणून."

जयराज